किन्नौरला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणाला बुलेटवरून स्पिती गाठायचं असतं, कुणाला आईवडिलांना घेऊन ‘गर्दी नसलेलं हिमाचल’ बघायचं असतं. प्रश्न मात्र फिरून तेच. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

किन्नौर म्हणजे स्पितीचाच भाग ना?

नाही. स्पिती हा शेजारच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातला भाग. किन्नौर हा हिमाचलातला स्वतंत्र जिल्हा आहे, आणि तिबेटला लागून आहे. सतलज तिबेटातून भारतात शिरते ती इथेच, शिपकी खिंडीजवळ. मग ती जिल्ह्याला मधोमध चिरत रामपूरकडे उतरते. क्षेत्रफळ ६,४०१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गापेक्षा मोठं. पण २०११ च्या जनगणनेत माणसं जेमतेम ८४ हजार भरली, सिंधुदुर्गाच्या दहावा हिस्सा. बाकी सगळे कडे, बर्फ आणि देवदार.

पूर्वी हा मुलूख बुशहर संस्थानात होता. स्वातंत्र्यानंतर महासू जिल्ह्यातला चिनी नावाचा तालुका म्हणून राहिला आणि १९६० साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, वेगळा जिल्हा झाला. तिबेटच्या सीमेवर तेव्हा वातावरण तापत चाललं होतं. गढवाल-कुमाऊंकडचे चमोली, उत्तरकाशी आणि पिथौरागढ हे सीमेवरचे जिल्हेही त्याच वर्षीचे.

किती दिवस लागतात?

टूर कंपन्यांच्या ‘स्पिती सर्किट’मध्ये किन्नौरला दोन रात्री मिळतात. एक सांगल्याला, एक कल्प्याला. त्यातला बराचसा वेळ गाडीत जातो आणि परत आल्यावर लोक म्हणतात, ‘किन्नौरमध्ये तसं काही नव्हतं.’ चंदीगडहून निघून चंदीगडला परत, असे निदान आठ दिवस धरा, आणि नववा दिवस कशासाठीही न ठेवता मोकळा सोडा. तो रस्त्यासाठी. दरड कोसळून एक दिवस गेला तर पुढची सगळी बुकिंगं कोलमडतात. मग माणसं ड्रायव्हरला घाई करायला लावतात, आणि या रस्त्यावर घाईसारखं वाईट काही नाही.

आठ दिवस नसतील तर स्पिती सोडा आणि नुसतं किन्नौर करा. दोन्हीही धावतपळत करू नका.

कधी जावं?

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा शेवट. आभाळ धुतलेलं असतं, बागांमध्ये सफरचंदं उतरवायची धांदल असते आणि गावोगाव सण चालू असतात. त्याआधी ऑगस्टच्या अखेरीस सांगला खोऱ्यात वरच्या अंगाला ओगल्याची शेतं फुलतात. ओगला म्हणजे आपण उपासाला खातो त्या कुट्टूचा भाऊबंद, आणि त्याचं शेत गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलं की डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

एप्रिलमध्ये सफरचंदाला फुलं येतात, मे-जून सुट्टीमुळे सोयीचा. डिसेंबर ते मार्च बर्फ. चितकुलचा रस्ता त्या दिवसांत अनेकदा बंद होतो.

जुलै-ऑगस्टबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. ‘तो पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, पाऊस पडत नाही’ असं इंटरनेटवर वाचून लोक तिकिटं काढतात. ते अर्धं खरं आहे. पूह-नाकोकडचं वरचं किन्नौर कोरडं आहे, पण तिथे पोचायला निचार-वांगतूचं खालचं किन्नौर ओलांडावं लागतं, आणि तिथे पाऊस चांगला झोडपतो. २०२१ साली एकाच पावसाळ्यात दोन मोठे अपघात झाले. २५ जुलैला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून सुटलेल्या शिळांनी पर्यटकांची गाडी चिरडली, नऊ जण गेले. ११ ऑगस्टला निगुलसरीला अख्खी दरड महामार्गावर आली आणि बस आणि इतर गाड्या मिळून २८ जणांचा बळी गेला. पावसाळ्यात जाणारच असाल तर निदान हे माहीत असू द्या.

महाराष्ट्रातून पोचायचं कसं?

मुंबई-पुण्याहून चंदीगडला थेट विमानं आहेत. रेल्वेनं यायचं तर चंदीगड किंवा कालका. मुलं बरोबर असतील तर कालका-शिमला छोटी गाडी चुकवू नका, ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. शिमल्याहून पुढे राष्ट्रीय महामार्ग ५. नारकंडा, रामपूर, ज्यूरी, मग चौऱ्याला किन्नौरची वेस, वांगतू, टापरी, कडछम आणि पोवारी. चंदीगड ते रिकाँग पिओ, म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण, साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. मुंबई-गोवा हिशेबानं ‘सात तासांत पोचू’ असं समजू नका. एका दिवसात हा पल्ला मारता येतो, पण मारू नये. नारकंडा किंवा रामपूरला रात्र काढा.

हिमाचल परिवहनच्या बस शिमल्याहून पिओला जातात आणि पिओहून सकाळी लवकर काझ्याची, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाची, बस सुटते. स्वस्तात जायचं असेल तर हा उत्तम मार्ग आहे. चालकांचा हात इतका बसलेला असतो की पहिल्या तासानंतर आपण खिडकीतून खाली बघायचं धाडस करतो.

रस्ता खरंच इतका भयंकर आहे का?

दिसायला आहे. तरंड्याला डोंगराच्या उभ्या कड्यात खणून रस्ता काढलाय. डोक्यावर खडक, पायाखाली खडक, मध्ये गाडी जाईल एवढी खाच आणि खाली सतलज. तिथल्या तरंडा मातेच्या देवळापाशी जवळपास प्रत्येक गाडी थांबते. ट्रकवाले तर हमखास. हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा आणि पुढे निघायचं. तुमचा ड्रायव्हर थांबला तर ‘वेळ जातोय’ म्हणू नका.

या वाटेचा इतिहास जुना आहे. १८५० साली लॉर्ड डलहौसीच्या काळात हिंदुस्थान-तिबेट मार्गाचं काम सुरू झालं. लोकर आणि पश्मिन्याचा तिबेटशी चालणारा व्यापार इंग्रजांना हवा होता. तो जुना मार्ग खेचरांचा, आजच्यापेक्षा बराच वरून जाणारा. आजचा महामार्ग सतलजच्या काठाकाठानं जातो, म्हणून तो सतत तुटतो. डोंगर अजून वाढीच्या वयातले, खडक भुगाभुगा झालेला, त्यात नदी पायथा खाते आणि माणूस वरून सुरुंग लावतो.

व्यवहारात काय करायचं? सकाळी लवकर निघायचं, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. रात्री पाऊस झाला असेल तर घाई न करता आधी पुढून आलेल्या ट्रकवाल्याला विचारायचं. वरून बारीक खडे घरंगळताना दिसले तर तिथे फोटोला उतरायचं नाही. स्वतःची गाडी न्यायची असेल आणि घाटात चालवायची सवय फक्त खंबाटकीची असेल, तर शिमल्याहून स्थानिक चालक घ्या.

परवाना लागतो का?

भारतीय नागरिकांना पिओ, सांगला, चितकुल, नाको, पुढे काझा, कुठेही परवाना लागत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा.

परदेशी पासपोर्ट असेल तर पिओच्या पुढे नाको-काझाकडे जायला ‘इनर लाइन परमिट’ लागतं. ते पिओला काढता येतं. अमेरिकेहून आलेली भाची, जावई, नातवंडं यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असतं आणि ‘आम्ही काय परके आहोत का’ असं त्यांना वाटतं. या बाबतीत नियमानं ते परकेच. त्यांचा परवाना काढायला पिओत कचेरीच्या वेळेत पोचाल अशी आखणी करा. रविवारी पोचलात तर अडकाल.

उंचीचा त्रास होईल का? आईवडिलांना नेऊ का?

कळसूबाई १,६४६ मीटर. पिओच २,२९० मीटरवर आहे, कल्पा त्याच्याही वर, चितकुल ३,४५० आणि नाको साडेतीन हजारांच्या पुढे. पण किन्नौरची खासियत अशी की इथे उंची हळूहळू वाढत जाते. मनालीकडून कुंझुम खिंड ओलांडून एकदम स्पितीत उतरणाऱ्यांची डोकी ठणकतात ती इथून जाणाऱ्यांची सहसा ठणकत नाहीत. म्हणून स्पिती करायचीच असेल तर किन्नौरकडून चढा.

सत्तरीतल्या माणसांना कल्पा आणि सांगला झेपतं, हे डोळ्यांनी बघितलंय. मात्र हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. नाकोला मुक्काम करायच्या आधी एक-दोन रात्री कल्प्याला काढा. रात्री डोकं दुखून उलट्या होत असतील तर गोळी घेऊन झोपू नका, खाली उतरा.

मुक्काम पिओला की कल्प्याला?

कल्प्याला. पिओ हा बाजार आहे, कचेऱ्या, बँका, बसस्टँड, औषधं. कामं तिथे उरका आणि वर कल्प्याला जा. गाडीनं अर्धा तास.

कल्प्याचं जुनं नाव चिनी. डलहौसी इथे येऊन राहिला होता. समोर, दरीपलीकडे, किन्नर कैलासाची रांग भिंतीसारखी उभी. तिच्यातलं सर्वांत उंच जोरकंदन ६,४७३ मीटर. पहाटे आधी शिखरांच्या कडा उजळतात, गाव अजून अंधारात असतं, आणि ऊन खाली उतरत दरीत पोचायला बराच वेळ घेतं. हॉटेलच्या गच्चीवरून हे दिसतंच. पण चहा पिऊन झाल्यावर जुन्या गावात चालत जा. नारायण-नागिणीचं लाकडी कोरीव देऊळ आणि बौद्ध गोंपा, म्हणजे मठ, तिथे जवळजवळ आहेत. दगड आणि देवदाराच्या तुळया आलटून पालटून रचलेल्या भिंती बघा. याला ‘काठकुणी’ म्हणतात. सिमेंट नसतं आणि भूकंपात भिंत हलते, पण पडत नाही. १९ जानेवारी १९७५ च्या भूकंपानं हा जिल्हा खिळखिळा केला होता, त्यामुळे इथे ही गोष्ट पुस्तकी नाही. दुर्दैवानं नवी हॉटेलं सगळी काँक्रीटची, तीही उतारावर पाच-पाच मजली.

स्वतंत्र भारताचे पहिले मतदार श्याम सरन नेगी याच कल्प्याचे. पहिली सार्वत्रिक निवडणूक देशात बहुतेक ठिकाणी १९५२ च्या सुरुवातीला झाली. पण तोवर इथे बर्फ पडून वाटा बंद होणार म्हणून चिनीत २५ ऑक्टोबर १९५१ लाच मतदान घेतलं. शाळामास्तर असलेल्या नेगींना त्या दिवशी निवडणुकीचं काम होतं, त्यामुळे सकाळी सकाळी आपलं मत टाकून ते कामावर गेले. पुढे एकही निवडणूक त्यांनी चुकवली नाही. २ नोव्हेंबर २०२२ ला घरून टपाली मत दिलं आणि तीन दिवसांनी ते गेले. वय १०५.

कल्प्याहून रोघीच्या वाटेवर एक ‘सुसाइड पॉइंट’ दाखवतात. तिथे कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढायची स्पर्धा चालते. तिथे थांबण्यापेक्षा रोघी गावापर्यंत चालत जा, वाट सफरचंदाच्या बागांमधून जाते.

सांगला आणि चितकुलमध्ये बघण्यासारखं काय?

कडछमला सतलज ओलांडून बास्पा नदीच्या खोऱ्यात वळायचं. सुरुवातीचा रस्ता अरुंद आणि खडा. मग सांगल्याला खोरं एकदम उघडतं.

सांगल्याच्या वर कामरूचा किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे राजगड येतो, तसं काही नाही. हा लाकूड आणि दगडाचा उंच मनोरा. बुशहरच्या राजांची पहिली राजधानी इथे होती. नंतर ती सराहनला आणि मग रामपूरला गेली. दारात तुम्हाला हिरव्या काठाची किन्नौरी टोपी आणि कमरेला बांधायचा पट्टा देतात. दोन्ही घातल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. पट्टा बांधणारे बाबा गाठ स्वतः मारतात, आपण मारलेली त्यांना पसंत पडत नाही. आत कामाख्या देवी, ती थेट गुवाहाटीहून आणली असं गावकरी सांगतात. मुख्य मनोऱ्यात जाता येत नाही, पण अंगणातून खोरं छान दिसतं. वर जायला गावातून पायऱ्या आहेत, त्या गुडघे दुखणाऱ्यांनी जपून चढाव्यात.

पुढे बटसेरी, रकछम आणि शेवटी चितकुल. ‘हिंदुस्तान का आखरी ढाबा’ या पाटीसमोर फोटोसाठी रांग असते. गंमत म्हणजे ‘भारतातलं शेवटचं गाव’ अशी पाटी उत्तराखंडातल्या माणाकडेही बरीच वर्षं होती. चितकुलपुढे सामान्य माणसाचा रस्ता संपतो, पुढे सीमा पोलिसांच्या चौक्या. ढाब्यापाशी राजमा-भात खा आणि गावात माथी देवीच्या देवळाकडे वळा. सांगला खोऱ्यातल्या देवतांमध्ये तिचा मान मोठा. लाकडी धान्यकोठारं अजून आहेत, छपरांवरच्या पाटीदगडांची जागा मात्र पत्रा घेत चाललाय. दुपारी सहलीच्या गाड्या परतल्या की चितकुल शांत होतं, म्हणून एक रात्र तिथेच काढा. किंवा रकछमला, जे मला जास्त आवडतं.

किन्नर कैलास म्हणजे मानसरोवरजवळचा कैलास का?

नाही. तो तिबेटात. हा वेगळा, आणि त्यातही दोन गोष्टींची सरमिसळ होते. किन्नर कैलास नावाचं शिखर ६,०५० मीटरचं आहे. लोक ज्याला शिवलिंग म्हणतात तो एका धारेवर सुटा उभा असलेला खडक, सुमारे ७९ फुटी. कल्प्याहून आभाळ स्वच्छ असेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कुणीतरी बोट धरून दाखवावं लागतं एवढंच, कारण त्या भव्य रांगेत तो काडीएवढा दिसतो. ‘दिवसातून सात वेळा रंग बदलतो’ असं गाइड सांगतात. ऊन बदलतं तसा खडक बदलतो, मोजत बसायची गरज नाही.

यात्रा बहुधा ऑगस्टच्या सुमारास, प्रशासनाकडे नोंदणी करून आणि आरोग्य तपासणी झाल्यावर. वाट सतलजपलीकडच्या तंगलिंग गावातून चढते. मध्ये गणेश पार्क, गुहा, पार्वती कुंड. ऐकायला सौम्य वाटणारी ही नावं आहेत, पण चढ अंग मोडणारा आहे, सह्याद्रीतल्या कुठल्याही चढाईशी तुलना करू नये असा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अचानक आलेल्या पुरात वाटेवरचे पूल वाहून गेले आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांनी चारशेहून जास्त यात्रेकरूंना दोरांवरून बाहेर काढलं. पावसाचा अंदाज असेल तर नवस पुढच्या वर्षी फेडा.

परिक्रमा ही तिसरी गोष्ट. थांगी, लांबर, चारंग करत पाच हजार मीटरवरची चारंग खिंड ओलांडून चितकुलला उतरायचं. हा अनुभवी ट्रेकरांचा मामला. रुपिन खिंडीचा प्रसिद्ध ट्रेकही सांगल्याला उतरतो आणि भाबा खोऱ्यातल्या काफनूहून निघालं तर भाबा खिंडीतून स्पितीच्या पिन खोऱ्यात जाता येतं. हिरव्या कुरणातून चढायचं आणि खिंडीपलीकडे एकदम उजाड तपकिरी मुलूख. एकाच दिवसात एवढा फरक दुसरीकडे क्वचित दिसतो.

तिथले लोक हिंदू की बौद्ध?

दोन्ही, आणि बऱ्याच घरांत एकाच वेळी. खालच्या किन्नौरात ग्रामदेवतांचं राज्य, वर पूहकडे गोंपांचं, मध्ये दोघांचं. लग्नाला लामाही येतो आणि देवताही.

इथला देव मूर्तीसारखा गाभाऱ्यात बसून राहत नाही. त्याची पालखी असते, मुखवटे आणि याकच्या केसांनी सजवलेली. ती खांद्यावर घेतली की देव नाचतो, रुसतो, शेजारच्या गावच्या देवाला भेटायला जातो. ग्रोक्च, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो, त्याच्या वतीनं बोलतो. पाऊस, भांडणतंटा, जत्रेची तारीख, सगळं देवाला विचारून. कोकणात गावऱ्हाटी आणि तरंग बघितलेल्या माणसाला हे काही परकं वाटणार नाही. पिओजवळच्या कोठीची चंडिका सगळ्यांत दबदब्याची.

आणखी एक ओळखीची कथा. उषा-अनिरुद्धातला बाणासुर इथला राजा होता असं मानतात. निचारची उषादेवी ही त्याची मुलगी, आणि सुंगरा, चगाव, भाबा इथले तीन महेश्वर हे त्याचे मुलगे. सुंगरा महेश्वराचं लाकडी देऊळ कोरीव कामासाठी तरी बघाच, महामार्ग सोडून थोडं वर जावं लागतं म्हणून तिथे कुणी फिरकत नाही.

शिष्टाचार दोनच. पालखीला विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि देवळाच्या ओट्यावर चढायच्या आधी चालेल का ते विचारा. काही देवळांत बाहेरच्यांना प्रवेश नसतो, त्यावर वाद घालू नये.

फुलांचा सण कधी असतो?

फुलाइच, किंवा उख्यांग. भाद्रपदाच्या सुमारास सुरू होऊन गावागणिक वेगळ्या तारखांना. गावातली माणसं वरच्या कुरणांत जाऊन फुलं आणतात, देवाला वाहतात, आणि गेलेल्या माणसांची आठवण काढतात. तारीख देवता ठरवते, त्यामुळे सहा महिने आधी बुकिंग करून ‘फुलाइच पॅकेज’ देणाऱ्याला पैसे देऊ नका. सांगल्याची होळीही प्रसिद्ध आहे, पण अलीकडे तिथे कॅमेरेच जास्त.

पूह-नाकोकडे काय आहे? शिपकी खिंडीपर्यंत जाता येतं का?

पिओ सोडलं की झाडं विरळ होत जातात आणि खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वळणावळणांनी चढून नाको. एक छोटं तळं, भोवती विलो आणि पॉप्लर, दगडी गाव, आणि अकराव्या शतकातला गोंपा. तो महान अनुवादक रिंचेन झांगपो (९५८-१०५५) यांच्या परंपरेतला मानतात. मातीच्या भिंतींवरची चित्रं अंधुक झाली आहेत, म्हणून आत फ्लॅश नको. गावामागे रिओ पुर्ग्यिल, ६,८१६ मीटर, हिमाचलातलं सर्वांत उंच शिखर. नाकोच्या पुढचा मलिंग नाला दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे, तो सकाळी ओलांडा.

वाटेत कानम नावाचं गाव लागतं. हंगेरीचा चोमा द कोरोश १८२७ ते १८३० या काळात इथल्या गोंपात राहून तिबेटी ग्रंथ वाचत होता. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ ला कलकत्त्यात छापला गेला. आपल्या लोकांची मुळं आशियात शोधायला निघालेला हा माणूस चालत चालत आला आणि कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून शब्द जमवत बसला. पर्यटकांच्या यादीत कानम नसतं, तरी वर चढून जा.

शिपकी खिंड अनेक दशकं फक्त सैनिक आणि परवानाधारक व्यापाऱ्यांसाठी होती. जून २०२५ मध्ये ती भारतीय पर्यटकांना खुली केली. पण हा सीमेचा मामला आहे, त्यामुळे त्या दिवशी सोडतात की नाही ते पिओत विचारून मगच निघा. आणि ताबोचा गोंपा आणि ग्यूची ममी किन्नौरात नाहीत, सुमदोपुढे स्पितीत आहेत.

खायला काय मिळतं? शाकाहारींची पंचाईत होते का?

राजमा-भात, डाळ, पराठे, थुक्पा, मोमो सगळीकडे. किन्नौरी राजमा शिजायला वेळ घेतो, पण चव वेगळी. होमस्टेत सांगून ठेवलंत तर चिल्टा मिळेल, ओगल्याच्या पिठाचं पातळ धिरडं. त्यावर घरचं लोणी.

सफरचंदांबद्दल एकच सांगणं. रस्त्याकडेच्या झाडाला हात लावू नका. ती कुणाची तरी वर्षाची कमाई आहे. विचारलंत तर बहुतेक वेळा फुकट खिशात कोंबतात. इथलं फळ उशिरा येतं, घट्ट असतं आणि टिकतं.

चिलगोजा ही या जिल्ह्याची खरी मिरास. भारतात तो मुख्यतः किन्नौर आणि चंबा जिल्ह्याच्या काही भागात होतो. झाड पाइनचं, खोड चट्ट्यापट्ट्यांचं, करडं-हिरवं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शंकू उघडायच्या आत आकडी लावलेल्या काठीनं पाडतात. फांदीवर चढून, खाली दरी असताना. राळेनं हात असे काळे-चिकट होतात की साबणानं निघत नाहीत. मग शंकू फोडून लांबट तपकिरी बिया काढायच्या. जंगल सरकारी, पण बिया गोळा करायचा हक्क गावाचा, आणि वाटणी घरटी. पिओच्या बाजारात भाव ऐकून डोळे पांढरे होतात, तेव्हा हे सगळं आठवा. अडचण अशी की सगळेच शंकू उतरवले तर जंगलात नवं रोप उगवायला बी उरत नाही, आणि नवी झाडं कमी दिसतात, हे वनखात्यापासून गावकऱ्यांपर्यंत सगळेच बोलून दाखवतात.

घरगुती द्राक्षाची ‘अंगूरी’ पाहुण्याला प्रेमानं देतात. पीत नसाल तर पेल्याला हात लावून नमस्कार करा, राग मानत नाहीत. पिणाऱ्यांनी बेतानं, ती चढते.

किन्नौरी शाल खरी कशी ओळखावी?

काठाची भौमितिक नक्षी हातमागावर धागा धागा घालून विणलेली असते आणि एका चांगल्या शालीला आठवडेच्या आठवडे जातात. त्यामुळे पाचशे-हजारात मिळणारी ‘हँडमेड’ शाल यंत्रावरची, हे गृहीत धरा. नक्षीवरून बोट फिरवा. खऱ्या विणीत ती जराशी उठून लागते आणि दोन काठ तंतोतंत सारखे कधीच नसतात. शालीला भौगोलिक मानांकन आहे. बायका नेसतात ते लोकरीचं ‘दोहडू’ मात्र विकत घेऊन घरी नेसायचा विचार असेल तर आधी त्याचं वजन करून बघा.

तिथे एका बाईला अनेक नवरे असतात म्हणे?

हा प्रश्न सगळे आडून विचारतात. सख्ख्या भावांनी मिळून एकच बायको करायची प्रथा होती, तिचा दाखला पांडवांचा देत. कारण साधं होतं. शेत हातरुमालाएवढं, तुकडे पडले तर कुणाचंच भागणार नाही. शिवाय एक भाऊ मेंढ्यांमागे, एक व्यापाराला तिबेटात, एक शेतावर. शिक्षण, नोकऱ्या आणि सफरचंदाचा पैसा आल्यावर प्रथा जवळपास संपली. आजच्या किन्नौरी मुलींना विचाराल तर त्या वेगळ्याच विषयावर बोलतील. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि इथल्या रूढीनं मुलींना जमिनीत वाटा मिळत नाही. त्यासाठी बायकांची लढाई बरीच वर्षं चालू आहे. होमस्टेच्या जेवणाच्या टेबलावर नवऱ्यांची संख्या विचारू नये, हे वेगळं सांगायला नको.

सगळीकडे बोगदे आणि धरणं का दिसतात?

सतलजचा उतार तीव्र, पाणी भरपूर, म्हणून वीज. नाथपा-झाकडी १,५०० मेगावॉट, कडछम-वांगतू १,००० मेगावॉटच्या वर, सांगला खोऱ्यात बास्पाचा ३०० मेगावॉट. नदीचं पाणी मैलोगणती डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जातं, म्हणून कुठे कुठे पात्र कोरडं दिसतं. झरे आटले, घरांना तडे गेले, अशा तक्रारी गावांत ऐकू येतात. २०२१ पासून तरुणांनी ‘नो मीन्स नो’ म्हणत नव्या प्रकल्पांना विरोध सुरू केला. भिंतींवर या घोषणा दिसतील. त्या पर्यटकांना उद्देशून नाहीत.

पेट्रोल, पैसे, मोबाइल?

पोवारीला टाकी भरा, पुढे काझापर्यंत भरवसा धरू नका. एटीएम पिओत, वरच्या गावांत रोख ठेवा. प्रीपेड सिम चालतं, दऱ्यांत रेंज जाते.

जागा इतकी आवडली की एखादा तुकडा घ्यावा म्हणतो. मिळेल?

नाही. हिमाचलात बिगरशेतकरी बाहेरच्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही (तिथल्या जमीन कायद्याचं कलम ११८), आणि किन्नौर आदिवासी जिल्हा असल्यानं जमातीबाहेर जमीन द्यायला १९६८ च्या कायद्याची आडकाठी आहे. ‘स्थानिकाच्या नावावर घेऊ’ असं सुचवणारा एजंट भेटलाच तर चहा पाजून वाटेला लावा.

परतताना वाटेत काही बघता येईल?

सराहन. जिल्हा शिमला, पण नाळ किन्नौरशी. ज्यूरीला महामार्ग सोडून १७ किलोमीटर चढायचं. बुशहरच्या राजांची कुलदेवता भीमाकाली इथे आहे, जुळ्या लाकडी मनोऱ्यांच्या देवळात. आत चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही आणि डोक्यावर टोपी लागते, ती तिथेच मिळते. देवळाच्या आवारात राहायच्या साध्या खोल्या आहेत, आधी फोन करून ठेवा. नोव्हेंबरात असाल तर रामपूरचा लवी मेळा सापडेल. तिबेटी व्यापार संपला तरी लोकर, सुकामेवा आणि चामुर्ती घोड्यांचा बाजार तिथे अजून भरतो. चिलगोजे पिओत राहिले असतील तर इथे घ्या, पण घासाघीस करून.